ओळखीचे शब्द, वेगळे अर्थ: युरोपला रबर पाठवण्याआधी ईयूडीआर कसा वाचावा

युरोपीय संघाचा जंगलतोडमुक्त मालाचा कायदा, म्हणजे विनियम २०२३/१११५, सगळे त्याला ईयूडीआर म्हणतात. तो वाचताना माणूस अडतो सोप्या शब्दांवर. जंगल, प्लॉट, उत्पादक देश, जोखीम हे चारही शब्द आपल्या रोजच्या कागदांत आहेत, आणि चारही इथे वेगळ्या अर्थाने आले आहेत. तलाठ्याच्या दप्तरातले ‘वन’, सातबारावरचा ‘गट’, कस्टम्सचे ‘ओरिजिन’ डोक्यात ठेवून माहिती भरली की ती चुकते, आणि चूक उघडी पडते तेव्हा कंटेनर समुद्रात असतो.

पुढचे विवेचन नैसर्गिक रबराच्या उदाहरणाने केले आहे. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यातला मळा, शीट (चीक साकळवून वाळवलेले रबराचे पातळ पत्रे) गोळा करणारा व्यापारी, आणि टायर, बेल्ट किंवा रबरी सुटे भाग करणारा कारखाना अशी साखळी धरली आहे. कॉफी आणि लाकडाला यातले बहुतेक तसेच लागू पडते.

तारखांचे आधी उरकून घेऊ. कायदा २९ जून २०२३ रोजी अस्तित्वात आला, पण त्याची अंमलबजावणी दोनदा पुढे गेली. २०२५ च्या अखेरीस झालेल्या दुरुस्तीनुसार मोठ्या आणि मध्यम कंपन्यांसाठी ३० डिसेंबर २०२६ आणि सूक्ष्म-लघु उद्योगांसाठी ३० जून २०२७ या तारखा आहेत. एक तारीख मात्र कधीच हलली नाही, ती म्हणजे ३१ डिसेंबर २०२०. या दिवसानंतर जंगल तोडून केलेल्या शेतातला माल युरोपात चालत नाही. तुमच्या कामाची खरी तारीख हीच. तिला कटऑफ म्हणतात.

आधी माल यादीत आहे का ते पाहा

कायद्यात सात मूळ वस्तू आहेत: गुरे, कोको, कॉफी, पाम, रबर, सोया आणि लाकूड. पण ‘रबर आहे म्हणजे लागू’ असे नाही. परिशिष्ट १ मध्ये एचएस कोड, म्हणजे कस्टम्समध्ये मालाचे वर्गीकरण करणारे आंतरराष्ट्रीय क्रमांक, दिले आहेत आणि त्या कोडवरच सगळे ठरते. रबरात ४००१ म्हणजे कच्चे रबर, ४००५ ते ४००८, ४०१० म्हणजे बेल्ट, ४०११ ते ४०१३ म्हणजे टायर-ट्यूब, ४०१५ ते ४०१७ म्हणजे हातमोजे, इतर वस्तू आणि कडक रबर. ४००९, म्हणजे रबरी नळ्या आणि होज, यादीत नाहीत. ४०१४ सुद्धा नाही. मोटारगाडी यादीत नाही, पण सुटा टायर आहे.

बऱ्याच कोडांआधी ‘एक्स’ असे लिहिलेले दिसते. त्याचा अर्थ असा की त्या कोडातला फक्त नैसर्गिक रबराचा माल कायद्यात येतो. पूर्णपणे कृत्रिम रबराचा बेल्ट बाहेर. नैसर्गिक आणि कृत्रिम मिश्रण असेल तर नैसर्गिक रबर कुठून आले हे दाखवावे लागते, कृत्रिम भागाचे नाही. त्यामुळे कंपाउंडची कृती आणि त्यातले नैसर्गिक रबराचे प्रमाण कागदावर तयार ठेवा. कोड चुकला की पुढची सगळी मेहनत वाया जाते, म्हणून आयातदार ज्या आठ किंवा दहा आकडी कोडाने माल सोडवतो तो त्याच्याकडून लेखी मागून घ्या. आपल्याकडचा कोड आणि तिकडचा कोड पहिल्या सहा आकड्यांनंतर वेगळे असू शकतात.

ऑपरेटर तुम्ही नाही, तरी काम तुमचेच

युरोपच्या बाजारात माल पहिल्यांदा आणणारा तो ऑपरेटर. बहुतेक वेळा तो तिथला आयातदार असतो. ड्यू डिलिजन्स, म्हणजे मालाची माहिती गोळा करून जोखीम तपासणे, हे त्याने करायचे, विवरणपत्र त्याने भरायचे, दंडही त्यालाच. त्याच्याकडून माल घेऊन पुढे विकणारे किंवा त्यातून नवे उत्पादन करणारे हे नंतरच्या टप्प्यातले. २०२५ च्या दुरुस्तीनंतर त्यांना नवे विवरणपत्र भरावे लागत नाही. त्यांच्यातल्या पहिल्या खरेदीदाराने ऑपरेटरच्या विवरणपत्राचा संदर्भ क्रमांक जपून ठेवायचा, बस.

इथला निर्यातदार कायद्याने ऑपरेटर नसला तरी मळ्याची माहिती त्याच्याशिवाय कुणाकडे असणार? म्हणून ती मागण्याची अट खरेदीच्या करारात येते. करार वाचताना दोन कलमे नीट पाहा: माहिती चुकली तर नुकसानभरपाई किती, आणि मळ्यांचे अक्षांश-रेखांश खरेदीदार पुढे कुणाला देऊ शकतो. दुसऱ्या कलमाकडे सहसा कुणी बघत नाही, आणि ज्या व्यापाऱ्याचे सगळे पुरवठादार त्या फायलीत असतात त्याला ते नंतर आठवते.

जंगल म्हणजे काय

कायद्याच्या व्याख्येत जंगल म्हणजे अर्ध्या हेक्टरपेक्षा मोठी जमीन, तीवर पाच मीटरपेक्षा उंच झाडे, आणि झाडांच्या छत्राखाली दहा टक्क्यांहून अधिक भाग. झाडे आज तेवढी नसली पण तिथेच वाढून तेवढी होऊ शकत असतील तरी ते जंगलच. मुख्यतः शेती किंवा वस्तीसाठी वापरली जाणारी जमीन मात्र यातून वगळली आहे.

ही व्याख्या प्रत्यक्ष जमिनीकडे बघते, महसुली नोंदीकडे नाही. सातबारावर ‘जिरायत’ लिहिले आहे पण २०२० मध्ये तिथे ऐन-किंजळीचे दाट रान उभे होते, तर ते जंगल. उलट राखीव वनाची नोंद असलेली पण तेव्हा उघडी पडलेली गवताळ जागा या व्याख्येत जंगल ठरेलच असे नाही.

रबराचा मळा स्वतः जंगल नाही. लाकडाखेरीज इतर सहा वस्तूंच्या लागवडी कायद्यात ‘शेती लागवड’ मानल्या आहेत. फळबागा आणि झाडांच्या सावलीत घेतलेली पिकेही त्यातच. याचे तीन परिणाम लक्षात ठेवा. जुना रबर मळा तोडून पुन्हा रबर लावले, तर ती जंगलतोड नाही. काजूची बाग काढून रबर लावले, तरीही नाही. पण २०२० मध्ये रान असलेली जागा २०२२ मध्ये साफ करून रबर लावले, तर त्या प्लॉटचे रबर युरोपला कधीच जाणार नाही, मग परवानगी असो वा नसो.

‘जंगलाचा ऱ्हास’ हा वेगळा शब्द आहे. नैसर्गिक जंगलाचे रूपांतर लागवडीच्या जंगलात होणे असा त्याचा ढोबळ अर्थ, आणि तो लाकडाच्या मालालाच लागू आहे. मळ्यातल्या जुन्या रबर झाडांच्या लाकडाचे फर्निचर पाठवत असाल तर तो तपासा. चिकाला तो लागत नाही.

वयाचा एक हिशेब इथे उपयोगी पडतो. रबराचे झाड चीक द्यायला साधारण सातव्या वर्षी तयार होते. म्हणजे २०२१ मध्ये रान तोडून लावलेल्या झाडाचा चीक २०२८ च्या आसपास येणार. आज जे शीट बाजारात येते ते जवळपास सगळे कटऑफच्या आधीच्या झाडांचे आहे. म्हणून प्रत्येक मळ्याचे लागवड वर्ष आताच नोंदवा, चालू असेल तर टॅपिंग, म्हणजे सालीला चीर देऊन चीक काढणे, कधी सुरू झाले तेही. पुढच्या दोन-तीन वर्षांत नवे प्लॉट चीक देऊ लागतील तेव्हा तीच नोंद चाळणीचे काम करील.

कायदेशीरपणा, आणि वनसंज्ञेचा गुंता

जंगलतोडमुक्त असणे ही एक अट. दुसरी अशी की माल उत्पादक देशाच्या कायद्यांनुसार निघालेला हवा. जमीन वापरण्याचा हक्क, पर्यावरण व वन कायदे, कामगारांचे हक्क, आदिवासींचे हक्क, कर आणि भ्रष्टाचारविरोधी कायदे असे सगळे यात येते. दोन्ही अटी पाळाव्या लागतात. एक पाळली म्हणून दुसरी माफ होत नाही.

सिंधुदुर्गात नेमके इथे अडते. १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या गोदावर्मन आदेशाने मालकी कुणाचीही असली तरी ‘वन’ या शब्दाचा कोशातला अर्थ धरायला सांगितले, आणि त्यानंतर जिल्ह्यातल्या अनेक खासगी जमिनींना वनसंज्ञा, म्हणजे वन असल्याची नोंद, लागली. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात वृक्षतोडीवर बंदी घातली. त्यामुळे असे होऊ शकते की प्लॉट कटऑफच्या कसोटीला उतरतो, लागवड २०१६ ची आहे, पण जमीन साफ करताना परवानगी नव्हती. तो माल जंगलतोडमुक्त आहे, कायदेशीर आहे का हा प्रश्न उरतोच. वनसंज्ञा दिसली की लगेच प्लॉट नाकारू नका. लागवडीचे वर्ष, साफ करण्याची परवानगी आणि नोंदीची तारीख एकापुढे एक ठेवून बघा.

कागद म्हणून सातबारा, आठ-अ, शेवटचे दोन-तीन फेरफार आणि भाडेपट्टा असेल तर त्याची प्रत घ्या. कोकणात सामाईक खाती सर्रास असतात. सातबारावर चौदा नावे आणि मळा एकाचा, ही नेहमीची गोष्ट. कायद्याला मालकीचा स्वच्छ उतारा लागत नाही, जमीन वापरण्याचा हक्क लागतो. तेव्हा कसणाऱ्याचे नाव, वहिवाटीचा पुरावा आणि सहहिस्सेदारांची संमती असली तर एक साधे टिपण करून फायलीला जोडा.

प्लॉट आणि त्याचे अक्षांश-रेखांश

प्लॉट म्हणजे एकाच मालमत्तेतला, एकसारख्या परिस्थितीचा, जोखीम एकत्र तपासता येईल असा जमिनीचा तुकडा. गट नंबर नव्हे. एका गटात घर, विहीर, काजू आणि दीड हेक्टर रबर असेल तर प्लॉट तेवढ्या दीड हेक्टरचा. पूर्ण गटाची सीमा दिली आणि तिच्या कोपऱ्यात शेजारच्या रानाचा तुकडा आला, तर उपग्रह तो तुकडा पकडतो आणि तुमचा स्वच्छ मळा लाल होतो.

चार हेक्टरपर्यंतच्या प्लॉटला एक बिंदू चालतो. त्याहून मोठ्याला पूर्ण सीमा, म्हणजे पॉलिगॉन द्यावा लागतो. चार हेक्टर म्हणजे ४०० आर, जवळपास दहा एकर. ही मर्यादा प्लॉटची आहे, शेतकऱ्याच्या एकूण जमिनीची नाही. पण जमत असेल तर लहान प्लॉटचाही पॉलिगॉनच घ्या. बिंदू दिला की तपासणारे यंत्र त्याभोवती वर्तुळ काढते, आणि कोकणात अशा वर्तुळात शेजारचे रान येतेच.

मोजणीची रीत अशी. मोबाइलमध्ये डब्ल्यूजीएस ८४ पद्धतीने आणि दशांश अंशांत वाचन देणारे ॲप लावा. प्रत्येक कोपऱ्यावर उभे राहून अचूकता पाच मीटरच्या आत येईपर्यंत थांबा, मग बिंदू नोंदवा. दाट पानांखाली ती लवकर येत नाही. डिसेंबर ते फेब्रुवारीत रबराची पानगळ असते, आकाश मोकळे मिळते, मोजणीला तोच काळ बरा. सीमा वळते तिथे जादा बिंदू घ्या. शेवटी पॉलिगॉनचे क्षेत्र आणि शेतकरी सांगतो ते क्षेत्र ताडून पाहा. दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर पुन्हा चालून या.

दशांशानंतर किमान सहा आकडे हवेत. सहावा आकडा जमिनीवर सुमारे अकरा सेंटिमीटरचा, चौथा सुमारे अकरा मीटरचा. चार आकडी वाचनापुढे दोन शून्ये चिकटवली तर नियम कागदावर पाळला जातो, प्लॉट मात्र जागेवर येत नाही.

चुका ठरलेल्या आहेत. सगळ्यात महागडी अंश-मिनिट-सेकंदांची. १५ अंश ४४ मिनिटे १२ सेकंद म्हणजे १५ अधिक ४४ भागिले ६० अधिक १२ भागिले ३६००, उत्तर १५.७३६६६७. ते घाईत १५.४४१२ असे लिहिले की प्लॉट तेहतीस किलोमीटर दक्षिणेला सरकतो, म्हणजे दोडामार्गातून थेट गोव्यात. दुसरी चूक क्रमाची. युरोपच्या प्रणालीला फाइल जिओजेसन स्वरूपात द्यावी लागते, आणि त्यात आधी रेखांश, मग अक्षांश. आपण सवयीने उलटे लिहितो. १५ आणि ७४ यांची अदलाबदल झाली की दोडामार्गचे रबर नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात उगवते. तिसरी चूक एक्सेलची: शेवटचे शून्य ते गुपचूप खाऊन टाकते, सहाचे पाच आकडे होतात आणि फाइल परत येते. तो रकाना मजकूर म्हणून ठेवा. पॉलिगॉनचा पहिला आणि शेवटचा बिंदू एकच असला पाहिजे आणि रेषा एकमेकींना छेदता कामा नयेत. कोपरे क्रमाने न चालता नोंदवले की इंग्रजी आठासारखी आकृती होते, तीही परत येते.

२०२० चे चित्र कसे वाचावे

युरोपीय आयोगाच्या संशोधन केंद्राने २०२० चा जंगल नकाशा दहा मीटरच्या बारकाईने मोफत दिला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचे व्हिस्प हे साधन अनेक नकाशे एकत्र तपासून देते. सुरुवात तिथून करा, पण निकाल तिथे नाही. हे नकाशे कायद्याने बंधनकारक नाहीत. उंच वाढलेला रबर मळा, काजू, सावलीतली कॉफी त्यांना जंगल वाटू शकते. प्लॉटवर लाल खूण आली तर सेंटिनेल-२ उपग्रहाची २०२० च्या अखेरची आणि आजची प्रतिमा शेजारी ठेवा.

इथे ऋतूची फसवणूक होते. जानेवारीतला रबर मळा पाने गळून उघडा दिसतो, मार्च-एप्रिलमधले पानझडी रानही तसेच. नोव्हेंबरची एक आणि फेब्रुवारीची दुसरी प्रतिमा घेतली तर न झालेली तोड दिसेल. दोन्ही प्रतिमा एकाच महिन्याच्या घ्या. पावसाळ्यातल्या ढगाळ प्रतिमा बाजूला ठेवा. खूण चुकीची ठरली तर प्रतिमा, लागवड वर्षाचा पुरावा आणि झाडांच्या ओळींचा जमिनीवरून काढलेला फोटो एकत्र ठेवा. ओळीत लावलेली, टॅपिंगच्या खुणा असलेली झाडे हा साधा पण बोलका पुरावा आहे.

साखळी तुटते ती गोदामात

मळ्यापर्यंत सगळे नीट केले तरी माल बिघडतो व्यापाऱ्याच्या गोदामात. चीक गाळून, ॲसिडने साकळवून, रोलरमधून काढून, धुराच्या खोलीत वाळवलेले शीट तिथे येते. व्यापारी काय करतो? प्रतीनुसार निवडतो. पिवळसर स्वच्छ शीट एका थप्पीत, बुडबुडे असलेले दुसऱ्या. भावासाठी हे योग्यच, पण त्याच क्षणी कुणाचे शीट कुणाचे हे संपते.

समजा बारा पुरवठादारांचे चार टन एका थप्पीत आहे आणि त्यातल्या एकाचे अक्षांश-रेखांश नाहीत, त्याचा माल १८० किलो. वेगळा काढता येत नसेल तर चार टन गेले. कायद्यात ‘मास बॅलन्स’ चालत नाही. शंभर टन आले, त्यात ऐंशी टन स्वच्छ होते, म्हणून ऐंशी टन स्वच्छ म्हणून विकले, असा हिशेब इथे मान्य नाही. अज्ञात मूळचा माल त्यात मिसळताच कामा नये.

प्रतीनुसार थप्पी ठेवायला मात्र अडचण नाही, अट एवढीच की थप्पीत शिरणारे सगळे तपासलेले हवेत. मग त्या लॉटपुढे सर्व बारा प्लॉट लिहायचे. प्रत्यक्ष माल ज्यांचा असू शकतो ते सगळे प्लॉट जाहीर करता येतात, पण त्यातला एक नापास झाला तर पूर्ण लॉट अडकतो. म्हणून यादी उगाच फुगवू नका. शंभर प्लॉट लिहून ठेवले की सुरक्षित, हा समज उलटा आहे.

गोदामात करायचे काम थोडे आहे पण रोजचे. तपासलेल्यांसाठी एक बाजू, इतरांसाठी दुसरी, मध्ये नुसता खडूचा पट्टा नको, भिंत किंवा जाळी हवी. प्रत्येक आवकेला तारीख, पुरवठादार, प्लॉट क्रमांक, वजन आणि लॉट क्रमांक. दर महिन्याला आवक, जावक आणि शिल्लक जुळली पाहिजे. कपलम्प (झाडाच्या वाटीतच साकळलेला चीक) आणि भंगार चीक तर वेगळेच हाताळा, कारण ते सर्वाधिक हातांतून फिरते आणि ब्लॉक रबराच्या कारखान्यात एकदा दळले की काहीच शोधता येत नाही.

आवकेवर उत्पन्नाची चाळणी लावा. देशात रबराचे उत्पन्न वर्षाला हेक्टरी साधारण १,४०० ते १,५०० किलो. सव्वा हेक्टरच्या मळ्यातून पावणेदोन टनांच्या आसपास यावे. त्या नावावर पाच टन आले तर शेजाऱ्याचा माल त्यात आहे, हे शोधायला उपग्रह लागत नाही.

रबर बोर्डाची आयएसएनआर (शाश्वत भारतीय नैसर्गिक रबर) व्यवस्था मालाचा माग देण्यासाठीच आहे, तिचा उपयोग करा. पण कोणतेही प्रमाणपत्र, सरकारी असो वा खासगी, पूरक माहितीच मानले जाते. आयातदाराची जबाबदारी त्याने सुटत नाही.

उत्पादक देश आणि ‘कमी जोखीम’

मे २०२५ मध्ये आयोगाने देशांची वर्गवारी केली. भारत कमी जोखमीत आहे. थायलंड आणि व्हिएतनामही. इंडोनेशिया, मलेशिया आणि कोत दिव्हार मधल्या वर्गात. म्यानमार उच्च जोखमीत.

पण उत्पादक देश म्हणजे चीक जिथे निघाला तो देश. पुण्यात बनलेल्या टायरमध्ये इंडोनेशियाचे ब्लॉक रबर असेल तर कस्टम्सच्या कागदावर माल भारतीय आणि ईयूडीआरच्या नजरेत त्या रबरापुरता इंडोनेशियाचा. मिश्रणात दोन देशांचे रबर असेल तर दोन्ही लिहायचे, दोन्हीकडचे प्लॉट द्यायचे.

कमी जोखीम म्हणजे सूट नाही. माहिती गोळा करणे, प्लॉट देणे तसेच राहते. जोखीम मोजणे आणि कमी करणे हे दोन टप्पे वगळता येतात, तेही साखळीत अज्ञात माल मिसळण्याचा किंवा दुसऱ्या देशाचा माल फिरवून आणण्याचा धोका नगण्य असेल तरच. फरक तपासणीत पडतो: कमी जोखमीत वर्षाला एक टक्का ऑपरेटर तपासले जातात, मधल्या वर्गात तीन, उच्च जोखमीत नऊ. ‘अक्षांश-रेखांशाऐवजी टपाल पत्ता चालतो’ हे जे ऐकू येते ते कमी जोखमीच्या देशातल्या, स्वतः पिकवून स्वतःच युरोपच्या बाजारात आणणाऱ्या छोट्या उत्पादकासाठी आहे. व्यापाऱ्यामार्फत येणाऱ्या शीटला ते लागू नाही.

विवरणपत्र

आयातदार युरोपच्या माहिती प्रणालीत विवरणपत्र भरतो: एचएस कोड, निव्वळ वजन, उत्पादक देश, प्लॉट. मिळणारा संदर्भ क्रमांक कस्टम्स घोषणेत जातो. दुरुस्तीला ७२ तास असतात, पण क्रमांक घोषणेत वापरला गेला की तीही संधी संपते. म्हणून जहाज निघण्याआधी, आयातदाराने फाइल प्रणालीत चढवून पाहिली आणि ती स्वीकारली गेली, एवढे लेखी उत्तर मागा. वजन बिल, पॅकिंग लिस्ट आणि विवरणपत्र तिन्हीकडे एकच हवे.

कागद पाच वर्षे ठेवायचे आहेत. कंपन्यांसाठी दंडाची कमाल मर्यादा युरोपातल्या वार्षिक उलाढालीच्या किमान चार टक्के ठेवावी लागते. माल जप्त होऊ शकतो, ते वेगळेच. आयातदार धास्तावलेला असतो तो यामुळे, आणि तो दोन वर्षांपूर्वीच्या एका लॉटबद्दल अचानक विचारतो तेव्हा व्यापाऱ्याच्या वहीतले ते पान सापडायला हवे: तारीख, वजन, प्लॉट क्रमांक, आणि त्या दिवशी जाळीच्या कुठल्या बाजूला थप्पी होती.